रडण्यातलं बोलणं

आमच्या घरी टेपरेकॉर्डर आला तो केळीच्या ट्रकमधून. आमचं गाव रावेरपासून जवळ, सातपुड्याच्या अंगाला, आणि त्या काळी बाहेरच्या जगातलं जे काही आमच्यापर्यंत यायचं ते केळी पोचवून परतणाऱ्या ट्रकमधूनच. ड्रायव्हरच्या सीटमागे कुणाची रजई असायची, कुणाचा स्वेटर, एकदा तर पाटलांसाठी आणलेलं पांढरं कुत्र्याचं पिल्लू होतं. नाना, म्हणजे माझे काका, आमच्या केळीचा सगळा व्यवहार बघायचे. त्यांनी एका पंजाबी ड्रायव्हरला तापात आमच्या घरी ठेवून घेतलं होतं, मायने त्याला पेज करून घातली होती. त्याने पुढच्या खेपेला ही पेटी आणून नानांच्या हातात ठेवली. चपटी, काळी, वरून कातड्याचं कव्हर, पुढे बाजाच्या पेटीला असतात तशा पट्ट्यांसारखी बटणं. त्यातलं लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबलं की समोरचा सगळा आवाज आत जायचा. नानांना ती चालवायचा कंटाळा होता. दोन दिवसांत ती माझी झाली.

मी तेव्हा मॅट्रिकला होतो. पुढचे काही महिने मी गावातला एकही आवाज सोडला नाही. विहिरीवरचं इंजिन, वाऱ्यात फाटणारी केळीची पानं, घड तोलताना हमालांची हाळी, मायचं भाकरी थापणं. ज्वारीत उडीद दळून केलेल्या कळण्याच्या भाकरीचा आवाज नुसत्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा जड येतो हे मला टेपमुळे कळलं. पण खरी मजा माणसं ऐकायची. आपलाच आवाज पहिल्यांदा ऐकताना माणसाचं तोंड जे होतं ते पाहण्यासारखं असायचं. बहुतेक सगळे एकच म्हणायचे. आबा, माझे वडील, ओट्यावर बसून विडी ओढत माझ्याशी बोलले आणि मी ते त्यांना परत ऐकवलं, तेव्हा त्यांनी विडी खाली ठेवली.

"हा कोन बोलून राह्यला?"

"तुम्हीच ना, आबा."

"हट्! मी असा बोलतो? हा तं नाकात बोलते. हा माह्या आवाज नाई."

"तुह्या नाई तं काय पाटलाच्या कुत्र्याचा हाय?" नाना म्हणाले, आणि आबा हसता हसता खोकायला लागले. ते हसणं आणि तो खोकला त्या कॅसेटच्या पहिल्या बाजूला आहे. मायला काही बोल म्हटलं तर ती पेटीकडे तोंड करून म्हणाली, "वसंता, गाईले पानी दाखव." मी तेच तिला ऐकवलं. तिने ऐकलं, आणि उठून स्वतःच गाईला पाणी दाखवून आली.

आमच्या घरात खरा आवाज होता तो इंदूअक्काचा, माझ्या मोठ्या बहिणीचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी लिंबाला झोका बांधून गौराईची गाणी म्हणत, तेव्हा गाणं अक्का उचलायची आणि बाकीच्या मागून यायच्या. तिचं लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. आमच्या मानाने तिला लांब दिली होती, धुळ्याला. तिकडची बोलीही वेगळी. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा "बठ्ठं चांगलं शे" असं म्हणून तिने आम्हाला हसवलं होतं. तिकडे बठ्ठं म्हणजे सगळं. आबा जाऊन तिला भेटून यायचे, आणि आले की मायला तेच वाक्य सांगायचे, "बठ्ठं चांगलं शे." आम्ही पुन्हा हसायचो.

मग आबांचा खोकला वाढला आणि त्या थंडीतच ते गेले.

आमच्याकडची रीत इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माणूस गेला की नातेवाईक दारावर येतात. पुरुष बाहेर ओट्यावर बसतात, टोपी गुडघ्यावर ठेवतात, "काय झालं होतं" असं विचारतात आणि गप्प होतात. बायकांचं तसं नसतं. त्या गल्लीच्या तोंडापासून हेल काढून रडत येतात, घरातल्या बायका उंबऱ्यात पुढे होतात, एकमेकींच्या गळ्यात पडतात, आणि त्या रडण्यात बोलतात. गेलेल्या माणसाला उद्देशून बोलतात. जे एरवी जिवंत माणसाला सांगता आलं नसतं ते सगळं त्या हेलात निघतं: सासरचं, नवऱ्याचं, भावजयीचं, पोटातलं. घरभर बायका बसलेल्या असतात, ज्यांच्याविषयी बोललं जातं त्याही कधी कधी तिथेच असतात. कोणी मधे बोलत नाही, कोणी नंतर विचारत नाही. एखादी म्हातारी म्हणते, "पुरे व माय, पानी घ्या," आणि डोळे पुसून दुसऱ्या मिनिटाला बसच्या वेळा, कापसाची वेचणी, कुणाच्या पोरीचं बाळंतपण असं बोलणं सुरू होतं. रडण्यात जे बोललं गेलं ते कोणाच्या अंगाला लावायचं नाही. ते ऐकलेलं असतं, पण ऐकलं असं कोणी म्हणत नाही.

मी थोरला मुलगा. माझं डोकं भादरलं आणि मला ओट्यावर पुरुषांत बसवलं. आदल्या आठवड्यापर्यंत मी घरात आत-बाहेर करणारा पोर होतो, आता मला आत जायला लाज वाटायला लागली. ओट्यावर रडता येत नव्हतं. आतून तो बायकांचा आवाज भिंतीतून यायचा, एकमेकांत मिसळलेला, शब्द न कळणारा, आणि मला वाटायचं की आबांविषयी जे खरं ते सगळं आत चाललं आहे आणि मी इथे टोप्यांमध्ये बसलोय. मी काही वाईट मनात धरून केलं नाही, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. पण आता या वयात मी त्या वाक्यावर फार विसंबत नाही. ज्यांनी ज्यांनी कुणाचं बोलणं चोरून धरून ठेवलं, त्या सगळ्यांना तेच वाटलं असेल.

धुळ्याची माणसं बसमधून उतरली असं एक पोरगं पळत सांगत आलं. मी आत गेलो, कोणाच्या लक्षात आलं नाही. मधल्या खोलीच्या भिंतीत एक देवळी होती, तिच्यात कंदील आणि आबांचा शेला असायचा. मी पेटी शेल्याआड ठेवली, कॅसेट उलटी करून घातली म्हणजे आबांचा आवाज पुसला जाणार नाही, दोन्ही बटणं दाबली आणि बाहेर येऊन बसलो.

अक्काचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा ओट्यावरच्या पुरुषांनी माना खाली घातल्या. असा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. ती आत गेली, तिच्यामागे तिची सासू, डोक्यावरून पदर पुढे ओढलेली. मग बराच वेळ फक्त अक्काच.

ती काय म्हणाली ते मी इथे लिहिणार नाही. मला ते पाठ आहे. तिच्या धुळ्याच्या घराविषयी होतं, तिथे तिच्या वाट्याला काय येत होतं त्याविषयी होतं, आणि ते वाईट होतं, एवढं पुरे. एकच वाक्य लिहितो, कारण ते तिचं गुपित नाही, आमच्या घराची चूक आहे. ती म्हणाली, "आबा, तुम्ही येत होते, ओट्यावर चहा घेत होते न् जात होते व आबा, आत नाई पाह्यलं." बाकीचं तिचं तिच्यापाशी राहू दे.

पाणी दिल्यावर मायने विचारलं, "गाडी भेटली का टायमावर?" अक्का म्हणाली, "अमळनेरपासून उभं ऱ्हावं लागलं." शेजारणीने फिकी डाळ आणि भाकरी आणली होती. अक्का आणि तिची सासू एका ताटात जेवल्या.

तेराव्यानंतर अक्का धुळ्याला गेली. मी पेटी घेऊन केळीच्या बागेत गेलो, इंजिनाच्या खोलीमागे बसलो आणि ती बाजू लावली. भर दुपार होती, पाटाचं पाणी चालू होतं. मी संपूर्ण ऐकलं, परत फिरवलं, परत ऐकलं. आबांसाठी जे रडू मला हवं होतं ते मिळालं नाही. मला राग आला. दाजी आमच्याकडे येऊन माझ्या पाठीवर थाप मारून हसायचे ते आठवलं, त्याने जास्तच आला. संध्याकाळी मी मायला म्हटलं, "अक्काला तिथं त्रास आहे. तू ऐकलं ना सगळं?"

तिने माझ्याकडे बघितलंच नाही, ती ज्वारीचे पापड, बिबडे, वाळत घातलेली चटई गुंडाळत होती. "तुले कोनं सांगलं?"

"कोणी का सांगेना. खरं आहे का नाही?"

"रडन्यातलं रडन्यात ऱ्हाऊ द्यावं, बापा."

"म्हणजे आपण काहीच करायचं नाही?"

"करतो ना आमी. तिच्या सासूनं ऐकलं. मानसातली बाई हाय ती, तिले समजलं. आखाजीले मूळ धाडू, पोरगी चार-दोन महिने ऱ्हाईन इठी, तवरिक तिकडं पानी थंडं होईन. तू ध्यान नको देऊ याच्यात."

मला हे अंगावरचं लोटून देणं वाटलं. आज मी सांगतो, ते लोटणं नव्हतं. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या बसवलेली ती एक पद्धत होती. तक्रार सगळ्यांच्या कानावर गेली, पण कोणी कोणाचं नाव घेतलं नाही; म्हणून कोणाला मान खाली घालावी लागली नाही, आणि म्हणूनच कोणाला बदलायला जागा राहिली. नंतर मला कळलं की त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सासूने अक्काला दोनदा दवाखान्यात नेऊन आणलं होतं, आणि घरातलं एक काम तिच्याकडून काढून स्वतःकडे घेतलं होतं. पाणी थंड होत होतं. माझ्याकडे मात्र कॅसेट होती. आणि ज्याच्या हातात कॅसेट असते त्याला वाटतं की आता पुरावा आहे, आता न्याय झालाच पाहिजे.

आखाजीला बहिणीला आणायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून जातो. त्या वर्षी मला पाठवलं. मायने सांजोऱ्या आणि लोणच्याची बरणी दिली, नानांनी केळीची फणी बांधून दिली. काम एवढंच: पाया पडायचं, पोटभर जेवायचं, अक्काला घेऊन यायचं. मी पिशवीत कपड्यांखाली पेटी ठेवली.

धुळ्याला पोचलो तेव्हा अक्काचा सासरा, दाजी आणि शेजारचे तीन-चार जण ओट्यावर बसले होते. दारातून दिसत होतं, आत अक्काची कापडाची पिशवी भरून भिंतीला लावून ठेवलेली होती. पुरणाचा वास येत होता. सासूनेच मुऱ्हाळ्यासाठी मांडे करायला घेतले होते. मी पाया पडलो. दाजींना पिशवीत पेटीचा कोपरा दिसला.

"काय साले साहेब, आम्हले केळी आनी का रेडिओ?"

"टेप आहे," मी म्हटलं.

"यामा गानं वाजस का?"

शेजारचा एक जण म्हणाला, "रावेरना मानूस शे, केळीनं गानं लावी!" सगळे हसले. मीही हसलो असतो. पण सासरा मिशी पुसत म्हणाला, "हासो नका रे पोऱ्याले. बाप गया त्याना. आते बहिनच शे त्याले." आणि मग माझ्याकडे वळून, चांगल्या मनानेच असेल, "तुन्ही बहिनले आठे काय कमी नही, भाऊ. इचार तिले."

मी म्हटलं, "विचारायची गरज नाही," आणि बटण दाबलं.

त्या ओट्यावर जे झालं ते मी आयुष्यभर स्वतःलाच माझ्या बाजूने सांगत आलो. आधी अक्काचा हेल आला. पुरुषांनी सवयीने माना खाली घातल्या, कुणीतरी टोपी काढली. मग शब्द लागायला लागले. गंमत अशी की हेच शब्द अक्काच्या सासूने आमच्या घरी बसून ऐकले होते, आणि त्यानंतर दोघी एका ताटात जेवल्या होत्या. शब्द बदलले नव्हते. फक्त जागा बदलली होती, मरणाच्या घरातून धुळ्याच्या ओट्यावर, बायकांतून पुरुषांत. सासऱ्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग काळा. दाजी उठून उभे राहिले. शेजारचे लोक रस्त्याकडे बघायला लागले, आणि ते बघणं मला त्या वेळी माझा विजय वाटला.

अक्का आतल्या दारात आली. हाताला पीठ होतं. ती पेटीकडे बघत होती, माझ्याकडे नाही. तिचाच आवाज तिच्यासमोर रडत होता. मी तिला म्हटलं, "सांग अक्का. सांग यांना. मी आहे."

तिने सासऱ्याकडे तोंड केलं आणि त्यांच्याच बोलीत म्हणाली, "हाऊ आवाज मन्हा नही."

टेप चालूच होता. अक्का पुन्हा म्हणाली, "मी असं कधी बोलनू नही. यानं कोनाकडूनबी बोलाई लिधं व्हई."

तिच्यामागून तिची सासू पुढे आली. आमच्या मधल्या खोलीत देवळीपासून दोन हातांवर बसून जिने सगळं ऐकलं होतं, ती बाई. ती अक्काच्या पुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मी व्हती ना तठे. असं कोनी बोलनं नही. पोऱ्या लबाड शे."

सासरा मला म्हणाला, "ऊठ. तुन्ही पेटी उचल. आते ह्या दारमा पाय ठेवू नको." मी पेटी उचलली. सांजोऱ्यांचा डबा तिथेच राहिला. वळून बघितलं तेव्हा सासूने अक्काला दंडाला धरून आत नेलं होतं. मला वाटलं, ओढून नेलं. अक्काची पिशवी भिंतीला तशीच होती.

त्या आखाजीला झोक्यावर दुसऱ्याच कुणी गाणं उचललं. त्यानंतर किती आखाज्या गेल्या. आमच्याकडून कोणी धुळ्याला गेलं नाही, तिकडून कोणी आलं नाही. मी घरी येऊन सांगितलं की तिथे भांडण झालं, त्यांनी मला हाकललं. कशावरून ते फक्त नानांना सांगितलं. नानांनी पेटी माझ्याकडून घेतली, तिच्यातली कॅसेट काढून माझ्या हातात दिली, आणि पेटी त्याच आठवड्यात ट्रकवर चढवली. भाऊबंदांत मग अशी बोलवा झाली की आबांच्या तेराव्याला नानांनी जावयाचा मान ठेवला नाही, टोपी-टॉवेल द्यायचं राहिलं, म्हणून धुळेकर रागावले. ही गोष्ट आजही आमच्याकडे लग्नाकार्यात सांगतात, नानांचं नाव घेऊन हसतात. खरं म्हणजे नानांनी जावयाला टोपी, टॉवेल आणि धोतर दिलं होतं, मी स्वतः ते ताट धरलं होतं. ती बोलवा नानांनीच उठवली होती. "पोराचं नाव नको याच्यात," असं ते मायला म्हणाले होते. ते वारले तेव्हाही त्यांच्या माथी तेच होतं, आणि मी खांदा देताना गप्प होतो. हे प्रकरण लिहायचं एक कारण ते आहे. ज्यांनी ज्यांनी नानांची ती गोष्ट सांगितली त्यांनी आता ती थांबवावी.

दुसरं कारण अक्का. माय गेली तेव्हा धुळेकरांना यावंच लागलं. मरण सगळी दारं उघडतं. सासरा तोवर वारला होता, सासू थकली होती, अक्काचा मुलगा शाळेत जात होता. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका दारात उभ्या होत्या, कारण इंदू येणार, मायला रडणार. अक्का गल्लीच्या तोंडाशी आली आणि चालत राहिली. आवाज नाही. उंबऱ्यात आली, आत पाऊल टाकलं, आणि तिने आधी मधल्या खोलीच्या भिंतीकडे बघितलं. देवळीत तेव्हा फक्त देवाची तसबीर होती. तरी ती बघत राहिली. मग खाली बसली, पदराचा बोळा तोंडात धरला, आणि तिचं अंग हलत राहिलं. शेवटपर्यंत एक शब्द तिने काढला नाही. बाहेर पडताना एक शेजारीण माझ्यादेखत म्हणाली, "सख्खी पोर, पन मायले रडली बी नाई." मी ते ऐकलं आणि टोपी गुडघ्यावर ठेवून बसून राहिलो.

तिच्याकडून मी काय घेतलं ते त्या दिवशी कळलं. सासरी तिला बोलायला जागा नव्हतीच. सगळ्या जगात एकच जागा होती, जिथे बोललेलं मोजलं जात नव्हतं, आणि ती मी काढून घेतली. तिची सासू खोटं का बोलली तेही मला फार उशिरा उमगलं. त्या ओट्यावर अक्काने ते बोलणं आपलं म्हटलं असतं, तर पिशवी घेऊन ती कायमची बाहेर पडली असती. सासूने तिला वाचवलं. ओढून नेलं नव्हतं, आत नेलं होतं.

पुढे येणंजाणं सुरू झालं. अक्का माझ्याकडे जळगावला यायची, भरीत करायची, बायकोशी गप्पा मारायची. ती गोष्ट तिने कधी काढली नाही, मीही नाही. एकदा माझा नातू कानाला हेडफोन लावून खेळ खेळत होता, बंदुकांचा, ज्यात मेलं की परत जिवंत होता येतं, आणि त्याच वेळी कुठल्या कुठल्या गावच्या पोरांशी मोठमोठ्याने बोलत होता, शिव्याही देत होता. अक्का बराच वेळ बघत होती. मग तिने त्याला विचारलं, "हे बोलणं मग कुठं जातं रे?"

"सर्व्हरवर, अक्काआजी."

"आणि तिथून?"

"तिथून कुठे नाही. पडून राहतं."

"पडून राहतं," अक्का म्हणाली, आणि कांदा चिरायला घेतला. माझ्याकडे तिने बघितलं नाही. आजकाल वर्तमानपत्रांत खाजगीपणावर मोठमोठे लेख येतात, मी ते वाचतो. माणूस बोलतो तेव्हा तो कुणाशी आणि कुठे बोलतो हेही त्या बोलण्यातच असतं, आणि यंत्र नेमकं तेवढंच गाळून टाकतं. मला एवढंच कळलंय, आणि तेही एका कांदा चिरणाऱ्या बाईकडून.

अक्का जाऊन आता तीन पावसाळे झाले. गेल्या महिन्यात तिचा नातू ओंकार, जो पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे, त्याचा फोन आला. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलंय.

"मामाआबा, तुमच्याकडे आजीची एक जुनी कॅसेट आहे ना? पप्पा म्हणत होते, तेव्हा तुम्ही घरातल्या सगळ्यांचे आवाज टेप करायचात, असं तुमच्याच तोंडून कधीतरी ऐकलं होतं."

"कशाला हवी?"

"आमच्याकडे तिचा आवाजच नाही. फोटो आहेत, व्हिडिओ आहेत, पण मोबाईल वर केला की आजी गप्प. उठूनच जायची. का काय माहीत." मला माहीत होतं. तो उत्साहाने सांगत होता, "एआयला थोडासा नमुना दिला तरी पुरतो. मग हळदीला स्क्रीनवर आजी ताईला आशीर्वाद देईल, तिच्याच आवाजात. बघा, सगळे रडतील."

"ती काय म्हणेल?"

"ते आपण लिहून द्यायचं. जे लिहू ते ती बोलते."

मी त्याला म्हटलं, शोधतो. फोन ठेवला. दुसऱ्याकडून बोलवून घेतलं, असं अक्का त्या ओट्यावर म्हणाली होती. तेव्हा ते अशक्य होतं आणि म्हणून खोटं होतं. आता ते सहज होतं.

कॅसेट शोधावी लागली नाही. ती माझ्या लोखंडी कपाटात, स्वेटरखाली आहे. लेबलावर माझ्या मॅट्रिकच्या अक्षरात 'आबा' लिहिलंय. दुसऱ्या बाजूला काही लिहिलेलं नाही. लावायला यंत्र माझ्याकडे नाही. जळगावात अशा कॅसेट मोबाईलवर काढून देणारा एक जण आहे असं मुलगा म्हणतो. पण तो दोन्ही बाजू फिरवणार, कानाला लावून बघणार. आबांचं ते हसणं आणि तो खोकला मला मरायच्या आधी एकदा ऐकायचा होता. ते आता राहू दे. एका बाजूचं पुसल्याशिवाय दुसऱ्या बाजूचं ऐकायचा हक्क मला नाही, आणि पुसायचाही नाही.

आठवड्याने ओंकारचा पुन्हा फोन आला.

"मिळाली का, मामाआबा?"

"मिळाली."

"भारी! मी रविवारी न्यायला येतो."

"येऊ नको. त्यात माझ्या वडिलांचा आवाज आहे. आणि एका बाईचा आहे, पण तो तुझ्या आजीचा नाही."

"पण पप्पा तर म्हणाले... तुम्हाला नक्की माहीत आहे?"

"तिनंच सांगितलंय," मी म्हटलं. "माझ्यासमोर, भर ओट्यावर. तिची सासू पण साक्षीला होती."

"मग आशीर्वादाचं काय करू?"

"ती ताईला काय म्हणायची ते तुला आठवतं ना? मग तूच म्हण. तुझ्या आवाजात."

तो हसला, म्हणाला, "मला रडू येईल."

"येऊ दे," मी म्हटलं. "आणि कुणाला मोबाईल वर करू देऊ नको."